कमिसार ग्रूबर गप्प बसतो

माझ्या नवऱ्याला हल्ली पुरस्कार देतात, तेव्हा भाषण करणारा माणूस त्याच्या पहिल्या सिनेमापासून सुरुवात करतो. मग दुसरा सिनेमा, मग केप टाउनला बसवलेली नाटकं, मग टाळ्या. मी पुढच्या रांगेत चेहरा हसरा ठेवून बसते आणि मनात म्हणते, अरे बाबा, स्काप्ड्रिफच्या सूपाबद्दल बोला ना कोणीतरी! पण ते कोणाला ठाऊकच नाही, आणि एवाल्ड स्वतःहून सांगेल तर शपथ. तेव्हा मीच सांगते.

एवाल्ड नोदे हा त्या काळी आमच्या देशातला सर्वांत प्रसिद्ध अनोळखी माणूस होता. टीव्हीवर दर मंगळवारी एक जर्मन पोलिसी मालिका लागायची. कमिसार ग्रूबर नावाचा जाड भुवयांचा, दमलेला अधिकारी म्युनिकमधले खून शोधून काढायचा आणि ते सगळं चोख आफ्रिकान्समध्ये बोलायचा, कारण त्याच्या तोंडून आमचा एवाल्ड बोलायचा. जोहान्सबर्गच्या स्टुडिओत, अंधाऱ्या खोलीत, ग्रूबरच्या ओठांवर नजर लावून. जर्मन वाक्य लांबलचक, आमचं आखूड. आमचं बोलून व्हायचं तरी ग्रूबरचं तोंड आपलं हलतच असायचं. मग एवाल्ड शेवटी काहीतरी चिकटवायचा, “असं मला आपलं वाटतं, हं,” नाहीतर “बरं का, बाईसाहेब.” पुढे ती खोड घरातही आली. जेवताना म्हणायचा, “रायकी, जरा मीठ दे, असं मला आपलं वाटतं, हं.”

रायकी म्हणजे मी. मीही त्याच स्टुडिओत होते, माझ्याकडे बायकांचे आवाज. त्या मालिकेत बाई आली की ती पहिल्या दहा मिनिटांत मरणार हे ठरलेलं. दर मंगळवारी माझा खून व्हायचा. कधी नदीत, कधी गॅरेजमध्ये, एकदा तर चक्क चर्चच्या घंटेखाली. आई फोन करून म्हणायची, “आज छान मेलीस गं.”

अटक करायच्या आधी ग्रूबर नेहमी एकच वाक्य म्हणायचा, “तुमची कॉफी गार होतेय, साहेब.” त्या वाक्याने एवाल्डचं आयुष्य खाल्लं. पेट्रोलपंपावर, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही त्याने तोंड उघडलं की लोक चमकायचे, त्याच्याकडे बघायचे, मग डोळे मिटून म्हणायचे, “एकदा ते कॉफीचं म्हणा ना!” डोळे मिटून, हो. कारण डोळे उघडे ठेवले तर समोर ग्रूबर नसायचा. लांब मानेचा, मोठ्या कानांचा, विरळ केसांचा एक माणूस असायचा, आणि तो माणूस त्यांच्या मजेच्या आड यायचा.

आणि हा मुळात रंगभूमीचा माणूस! तरुणपणी त्याने जुन्या गाडीतून अख्खा देश पालथा घातला होता. शाळेचे हॉल, चर्चचे हॉल, एकदा तर लोकर साठवायची शेड. जिथे चार फळ्या टाकता येतील तिथे नाटक. राजे केले, खुनी केले, म्हातारे केले. पण ग्रूबर आल्यापासून त्याचं स्टेजवर उभं राहणं मुश्कील झालं. शेवटचं मोठं नाटक मला अजून आठवतं. मरणाच्या दारातला राजा उशीवरून मान उचलून म्हणतो, “माझा मुकुट कोणी नेला?” मागून कोणीतरी ओरडलं, “कमिसार, माळ्याला धरा!” सगळा हॉल खो खो हसला. राजा त्या रात्री ठरल्यापेक्षा लवकर मेला.

तशात स्टोफेल रूट सिनेमा काढायला निघाला. स्टोफेल हा आमचा जुना मित्र, आता मोठा निर्माता. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका दीपगृहात एकटा राहणारा माणूस, त्याची गोष्ट. एवाल्डने ती वाचली आणि तीन दिवस वेड्यासारखा घरात फिरला. मग सदरा इस्त्री करून स्टोफेलकडे गेला. स्टोफेलने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“तू तोंड उघडलंस की मला तो जर्मन दिसतो, एवाल्ड. दीपगृहावर म्युनिकचा पोलीस उभा करू का मी? लोक हसून मरतील.”

“आणि तोंड उघडलं नाही तर?” एवाल्डने विचारलं.

“तर मग बघू,” स्टोफेल हसत म्हणाला. त्याने थट्टा केली होती. एवाल्डने ती शब्दशः घेतली.

त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, “पन्नाशी आली, रायकी. मला ऐकलं सगळ्यांनी. बघितलं कोणीच नाही.” त्या वाक्याच्या शेवटी त्याने काहीही चिकटवलं नाही.

मग त्याने एक नाटक बसवलं. एक म्हातारा शेतकरी, त्याला झटका येऊन गेलाय, अर्धं अंग आणि वाचा गेलीय. मुलगा आणि सून त्याच्या समोरच बसून त्याचं पुढे काय करायचं ते ठरवतात. त्याला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती त्याला नाटकभर सांगता येत नाही. दिग्दर्शक एवाल्ड, म्हातारा एवाल्ड, आणि त्या म्हाताऱ्याला सबंध नाटकात एक शब्द नाही. “निदान पाठांतराचा त्रास नाही,” मी म्हटलं. तो हसला नाही.

स्टोफेल दरवर्षी मेंढ्यांच्या प्रदर्शनाला भावाकडे जायचा, कारूच्या माळावरच्या स्काप्ड्रिफ गावी. “तिथे कर, मी बघेन,” तो म्हणाला. “लोकांनी तुझ्यावरून नजर हलवली नाही, तर दीपगृह तुझं. हसले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.” इतकं स्पष्ट ठरलं होतं. म्हणून पहिला प्रयोग स्काप्ड्रिफला.

आता एवाल्डची एक रीत सांगायला हवी. प्रयोगाच्या दिवशी तो सकाळपासूनच त्या पात्रात शिरून बसतो. राजा असला की मला हुकूम सोडतो, कंजूष असला की कॉफीत साखर घालू देत नाही. इथे मुका म्हातारा होता, तेव्हा सकाळपासून कडक मौन. शिवाय उजवीकडचा ओठ खाली ओढलेला आणि उजवा हात मांडीवर मेलेला. गाडी मी चालवली, बडबड मी केली, रस्ता चुकलेही मीच. तो नुसता ओठ ओढून बाहेर बघत बसला होता. मुलाचं आणि सुनेचं काम करणारे नट दुसऱ्या गाडीने संध्याकाळी थेट हॉलवर येणार होते.

आमच्याकडे दौऱ्यावरचे नट हॉटेलात उतरत नाहीत, गावकऱ्यांच्या घरी वाटून दिले जातात. आम्ही आलो लेटी मावशीच्या वाट्याला. गावाचं टेलिफोन एक्स्चेंज लेटी मावशीच्या पुढच्या खोलीत होतं. पंचक्रोशीतला प्रत्येक फोन तिच्या हातांतून जायचा आणि, उगाच खोटं कशाला, कानांतूनही. आम्ही पोचलो तशी ती फाटकाशी धावत आली.

“कमिसार साहेब! या या! बोला काहीतरी, सकाळपासून वाट बघतेय!”

मी गाडीमागे सामानाची दोरी सोडत होते. एवाल्ड उतरला. त्याने लेटी मावशीकडे पाहिलं, ओठ थरथरवले, गळ्याची शीर ताणली, आणि काहीच न बोलता डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. दोरी सोडून मी पुढे येईपर्यंत लेटी मावशी आत एक्स्चेंजवर बसलेली होती आणि तिचे हात नुसते पळत होते. मला वाटलं, बाई कामात आहे.

दुपारपासून भांडी यायला लागली. पहिलं मटणाचं सूप आलं. मग भोपळ्याचं. मग वाटाण्याचं. मग कोंबडीचं, गाळून घेतलेलं. आणणारी प्रत्येक बाई मला मिठी मारायची आणि म्हणायची, “धीर सोडू नकोस, पोरी.” मला वाटलं, किती प्रेमळ गाव, नाटकवाल्यांची इतकी काळजी! पाद्रीबाईंनी तर माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, “त्यांना गिळता येतं ना नीट?”

“अहो, त्याला काहीही गिळता येतं,” मी म्हटलं. “काल दगडासारखं मटण गिळलंय त्याने.”

पाद्रीबाईंचे डोळे भरून आले. “किती शूर आहेस गं,” त्या म्हणाल्या. स्काप्ड्रिफची माणसं जरा विचित्रच आहेत, असं मी मनाशी म्हटलं.

एवाल्डचं सगळं लक्ष लेटी मावशीच्या भट्टीतल्या चॉप्सवर होतं. वास घरभर सुटला होता. पण त्याच्यापुढे येत होतं ते फक्त सूप, आणि मौन पाळणाऱ्या माणसाने नाही म्हणायचं तरी कसं? डाव्या हाताने, थोडं सांडत, थोडं हनुवटीवर ओघळू देत, तो सूप प्यायला. तालीमच म्हणा ना. खिडकीबाहेर चार बायका रुमाल तोंडाला लावून उभ्या होत्या. जेवण झाल्यावर गाडीचं चाक बघून येतो, अशी खूण करून तो एकटाच बाहेर गेला, आणि बऱ्याच वेळाने काळेकुट्ट हात घेऊन परत आला.

संध्याकाळी चर्चचा हॉल गच्च भरला. दारावर गावच्या कमिटीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कमिसार ग्रूबरचा आवाज, प्रत्यक्ष!’ आम्ही बजावून सांगितलं होतं, ग्रूबरचं नाव नको. पण ऐकतो कोण. लोक उशा घेऊन, फ्लास्क घेऊन आले होते. हॉल गोऱ्याकाळ्या सगळ्यांना खुला होऊन दोन वर्षं झाली होती, तरी गोरे पुढे आणि काळे मागे, असेच सगळे बसले. तिसऱ्या रांगेत स्टोफेल, आणि त्याच्या शेजारी, मुद्दाम जागा पकडून, लेटी मावशी.

पडदा, दिवे, आवाज हे सगळं माझ्याकडे असायचं. एवाल्ड पडद्यामागे खुर्चीत बसला होता, कानांत कापसाचे बोळे घालून. पडदा हलेपर्यंत तो बाहेरचं काहीही ऐकत नाही. आमच्याकडे चर्चच्या हॉलमधला कुठलाही कार्यक्रम, मग तो लिलाव असो की नाटक, प्रार्थनेने सुरू होतो. डोमिनी फिल्यून, म्हणजे गावचे पाद्री, पुढे आले. त्यांनी हात जोडले. मी पडद्याची दोरी हातात धरून उभी.

“प्रभो,” डोमिनी म्हणाले, “ज्याच्या वाणीने दर मंगळवारी आमच्या घरात न्याय आणला, त्या तुझ्या लेकराची जीभ आज बांधली गेली आहे. तरीही आपल्या दुखण्यालाच नाटक करून तो आमच्यासमोर येतो आहे. त्याला बळ दे. आणि तुझी इच्छा असेल तर, प्रभो, एक तरी शब्द त्याला परत दे.”

“आमेन,” अख्खा हॉल म्हणाला, आणि मागे कोणीतरी हुंदका दिला.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. सूप, मिठ्या, गिळणं! माझ्या नवऱ्याला खरोखर झटका आलाय असं या गावाला वाटत होतं. दोरी माझ्या हातात तशीच. बाहेर जाऊन सांगावं, ‘मंडळी, तो ठणठणीत आहे’? मग काय होईल ते मला दिसत होतं. ठणठणीत आहे ना? मग बोलेल केव्हा? कॉफीचं म्हणेल केव्हा? नाटकभर हीच चुळबुळ, आणि तिसऱ्या रांगेत स्टोफेल. नाही सांगितलं तर? मी आजवर खूप वेळा मेले आहे, पण अशी अडकले कधीच नव्हते. शेवटी मी दोरी ओढली. माझ्या नवऱ्याचं दीपगृह काही मी सूपाच्या भांड्यांपायी घालवणार नव्हते.

पुढे जे झालं तसं मी कुठल्याही नाटकगृहात पाहिलेलं नाही. म्हाताऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि शब्द आला नाही, तेव्हा हॉलने श्वास रोखला. त्याच्या हातून कॉफीचा पेला कलंडतो, सून घाईघाईने त्याच्याऐवजी कुत्र्याचंच तोंड पुसते, तिथे हमखास हशा यायला हवा. हशा नाहीच. “अरे देवा,” कोणीतरी कळवळून म्हणालं. मोठमोठे मेंढपाळ, गळ्याशी टाय घट्ट आवळलेले, लहान मुलांसारखे रडत होते. मी पडद्याआडून सारखी त्यांच्याकडेच बघत होते, आता कोण उठतं, आता कोण काय ओरडतं, म्हणून. लेटी मावशी स्टोफेलच्या कानाशी लागली, काहीतरी कुजबुजली. स्टोफेलने तिच्याकडे पाहिलं, स्टेजकडे पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढला. माझा जीव भांड्यातही पडला आणि गळ्याशीही आला.

नाटक संपलं. टाळ्या नाहीत, नुसतं मुसमुसणं. एवाल्ड खुर्चीतून उठला आणि लोकांचे ओले चेहरे बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, देवा, हे इथेच थांबव. पण डोमिनी स्टेजवर चढलेच. त्यांनी एवाल्डचे दोन्ही हात हातात घेतले. आणि एवाल्डने, मौन संपलं म्हणून, छाती भरून, त्या खर्जातल्या आवाजात म्हटलं,

“मित्रहो, मी तुमचा फार फार आभारी आहे.”

मग लेटी मावशी किंचाळली, “बोलले! कमिसार बोलले!” डोमिनी गुडघ्यांवर बसले. पाद्रीबाईंनी स्तोत्र सुरू केलं, आणि हॉल उभा राहून गायला लागला. एवाल्ड वाकून नमस्कार करत होता. त्या बिचाऱ्याला वाटत होतं हे सगळं त्याच्या अभिनयाला.

“तुमची जीभ सुटली, बंधू!” डोमिनी रडत म्हणाले. “आम्ही मागितलं आणि मिळालं!”

एवाल्डने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. इतक्या वर्षांचा संसार, त्याला तेवढ्यात सगळं कळलं. तो गप्प राहिला असता तर चमत्कार तसाच चालू राहिला असता; स्काप्ड्रिफला पिढ्यान्‌पिढ्या पुरला असता. पण नट म्हणून त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. त्याने हात वर करून स्तोत्र थांबवलं.

“मला काहीही झालेलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी आजारी नाही. मी अभिनय करत होतो.”

पहिला आवाज लेटी मावशीचा.

“म्हणजे? मग माझं सूप?”

“सूप चांगलं होतं, मावशी.”

“चांगलं होतं म्हणे! अहो, मी जोहान्सबर्गपर्यंत फोन केले! माझ्या बहिणीने तिच्या चर्चमध्ये तुमच्यासाठी मेणबत्ती लावली! लाज नाही वाटत, धडधाकट माणसाने असं तोंड वाकडं करून फिरायला?”

मग जो गलका झाला, तो न लिहिलेला बरा. बायका ताडताड लेटी मावशीच्या घरी गेल्या आणि आपापली भांडी घेऊन गेल्या, उरलेल्या सूपासकट. डोमिनी टोपी घालून निघून गेले. त्यांचा रागापेक्षा हिरमोडच जास्त झाला असावा. स्टोफेल मात्र सरळ स्टेजपाशी आला. त्याचे डोळे अजून लाल होते, आणि त्याचाच त्याला संताप आला होता.

“ही बाई मला सांगते, तू ईस्टरपासून हॉस्पिटलात होतास! मी रडलो, एवाल्ड. मी! आता मी काय बघितलं ते मला कसं कळणार? तू त्या खुर्चीत बटाट्याचं पोतं ठेवलं असतंस तरी मी रडलो असतो!”

“स्टोफेल, ते मी पसरवलं नाही…”

“नसशील. पण मी डोळ्यांनी काय पाहिलं आणि कानांनी काय ऐकलं, ते मला वेगळं करता येत नाही. माफ कर.” आणि तो गेला. दीपगृह त्याच्याबरोबर गेलं. पुढे ते दुसऱ्याच नटाला मिळालं, आणि सिनेमा बरा चालला; एवाल्डचा पहिला सिनेमा यायला अजून वेळ होता.

एवाल्ड स्टेजच्या कडेला पाय खाली सोडून बसला. “ते माझ्यासाठी रडत नव्हते,” तो म्हणाला. “आजारी माणसासाठी रडत होते. पुन्हा ऐकलंच मला लोकांनी, रायकी. या खेपेला तर मी बोललोही नव्हतो.”

छान झालं म्हणावं, तर मला खरंच ठाऊक नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

हॉलमध्ये एकच माणूस उरला होता. स्काल्क काका, उंच, वाळका मेंढपाळ. खुर्च्या गोळा करून भिंतीला लावणं हे त्या आठवड्यात त्याच्याकडे होतं. चार-पाच खुर्च्या एकदम उचलून तो आमच्यापाशी येऊन थांबला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं, काका?” मी विचारलं.

“तुमच्या ह्यांना काही झालेलं नाही ते. दुपारी सोसायटीच्या गोदामामागे गाडीचा जॅक घसरला ना ह्यांचा? मी पलीकडे मेंढ्यांचं औषध भरत होतो. काय शिव्या घातल्या त्या चाकाला! तीस वर्षं मेंढ्यांत काढली, पण त्यातल्या दोन मलाही नवीन. त्याही कमिसारच्या आवाजात.”

एवाल्डने कपाळावर हात मारून घेतला. मी त्याच्याकडे वळून बघितलं. मौनव्रत म्हणे!

“मग गावाला सांगितलं का नाही?” मी म्हटलं.

“लेटीचा फोन सगळीकडे फिरला होता. त्या बायांना सांगायला मी काय वेडा आहे?” स्काल्क काकाने खुर्च्या खाली ठेवल्या. मग एवाल्डकडे न बघता, खुर्च्यांकडेच बघत म्हणाला, “माझी बायको, बेटी, तीन वर्षं बोललेली नाही. खरा झटका. शब्द हवा असतो आणि येत नाही, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत नाही. माझ्या हातांकडे बघते. लाजल्यागत. डॉक्टरला मी कधी सांगितलं नाही ते, कोणालाच नाही. आज तुम्ही तेच केलंत, मुलाच्या हातांकडे बघितलंत. मला ठाऊक होतं तुम्ही खोटे आहात. तरी मी रडलो. हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“स्टुडिओत,” एवाल्ड म्हणाला. “बोलायच्या आधी आम्ही तोच तुकडा आवाज बंद करून बघतो. पुन्हा पुन्हा. इतकी वर्षं मी माणसांचे चेहरे आवाजाशिवाय बघतोय, काका. त्यातलंच असेल.”

स्काल्क काकाने मान हलवली. “पोरी,” तो मला म्हणाला, “तू तर हे रोज बघत असशील. भाग्यवान आहेस.” आणि खुर्च्या उचलून निघाला.

मला ते वाक्य लागलं. मी पाहिलंच नव्हतं. तालमीत मी दिवे बघत होते, त्या संध्याकाळी लोक बघत होते, आणि त्याच्याआधीची सगळी वर्षं? मी एवाल्डला पहिल्यांदा भेटले तेही हेडफोनमधून. आधी आवाज कानात आला, मग दार उघडून तो माणूस आला, आणि खरं सांगते, तेव्हा माझाही जरा हिरमोड झाला होता. लग्न मी त्या आवाजाशीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोग होता शेजारच्या फालकोपला. स्काप्ड्रिफची बातमी आमच्याआधी तिथे पोचली होती, एक्स्चेंज लेटी मावशीचं, तेव्हा प्रश्नच नव्हता. सूप नाही, मिठ्या नाहीत. हॉलमध्ये मूठभर माणसं, तीही हाताची घडी घालून, हा लबाड काय करतो बघू, अशा बेताने बसलेली. पडद्याची दोरी मी सुनेचं काम करणाऱ्या मुलीच्या नवऱ्याकडे दिली. तो असाही गाडीत झोपूनच असायचा. आणि मी खाली पहिल्या रांगेत जाऊन बसले.

म्हातारा खुर्चीत बसला होता. मी त्याला ओळखत नव्हते. त्याची लांब मान, मोठे कान, हे सगळं मी रोज चहाच्या टेबलावर बघते; ते त्या म्हाताऱ्याच्या अंगावर कसं गेलं मला कळलं नाही. त्याने मुलाच्या हातांकडे पाहिलं, शरमेने, आणि सून बोलतच राहिली. त्याला सांगायचं होतं, मला इथून नेऊ नका, एवढंच. ते सगळ्या हॉलला दिसत होतं आणि त्या दोघांना दिसत नव्हतं. माझ्या मागे कोणीतरी हाताची घडी सोडली, खुर्ची करकरली. एका बाईने अर्धवट उठून त्या सुनेला हाक मारली, “अगं, त्याला विचार ना!” आणि मग ओशाळून खाली बसली. कुणी हसलं नाही. ह्या लोकांना नीट ठाऊक होतं की हा माणूस धडधाकट आहे.

पडदा पडला. टाळ्या थोड्या होत्या, माणसंच थोडी. मी स्टेजवर गेले तेव्हा एवाल्ड ओठ पुसत होता आणि मला बघून घाबरलाच. मी खाली बसणार हे त्याला सांगितलं नव्हतं.

“कसं झालं?” त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. बोलण्यात मी आजवर कोणाला हार गेलेली नाही. पण शब्द येईना. मी नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिले, तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग माझ्या हातातला रुमाल घेऊन त्याने स्वतःचेच डोळे पुसले.